गासडीच्या पोटातली काडी

मामा गासडीच्या वरच्या गवताकडे कधी बघायचे नाहीत. कोपरापर्यंत हात आत खुपसायचे, पोटातली एक काडी ओढून काढायचे, मधोमध मोडायचे, मोडलेलं टोक नाकाशी धरायचे आणि मग दाढेखाली चावायचे. काडी पसंत पडली तर ती कानावर अडकवायचे, म्हणजे माल पास. नाही पडली तर बाजूला थुंकायचे आणि म्हणायचे, "नाय चालायचं."

ह्या दोन शब्दांनी अकरा वर्षं माझं डोकं फिरवलं. आजही कोणी सहज बोलताना ते उच्चारले तर माझा हात कपाळावर जातो.

गवताची वखार तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल, म्हणून सांगतो. आमच्या शहापूर-मुरबाडच्या माळांवरचं गवत पावसाळा सरला की कापतात, वाळवतात, यंत्रात दाबून तारेने बांधतात. त्या गासड्या ट्रकने मुंबईकडच्या म्हशींच्या तबेल्यांना जातात. मी ह्या धंद्यात पाठीवर गासडी घेऊन शिरलो. आज शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी स्वतःची वखार आहे. ती बापाने दिली नाही, सासऱ्यानेही नाही. भाव करून, भांडून, वेळेला आवाज चढवून मिळवली आहे. माझ्याकडून कोणी दोन पैसे जास्त नेले असं तालुक्यात कोणी छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

एका माणसाशी मात्र मला कधी भाव करताच आला नाही.

मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, शेणव्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. उभं आयुष्य मुंबईच्या तबेल्यांत म्हशी सांभाळण्यात गेलेलं. गुडघे बोलायला लागले तसे गावी परतले आणि एक दिवस माझ्या वखारीत येऊन उभे राहिले. मला माल पारखणारा माणूस हवाच होता.

"पगार किती घ्याल?" मी विचारलं.

"तुमी द्याल तो."

मी सावध झालो. जो आकडा सांगत नाही तो सगळ्यात महाग पडतो, हे मी ह्या धंद्यात शिकलो आहे.

"आणि अट?"

"अट एकच, शेट. मी नाय म्हटलं तर ती गासडी ट्रकात चढायची नाय."

म्हातारा माणूस, किती वेळा नाही म्हणेल, असा हिशेब करून मी मान हलवली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात वाईट सौदा, असं मी पुढे कित्येक वर्षं लोकांना सांगत होतो.

पहिल्याच महिन्यात ट्रक लागलेला, तबेल्याचा मालक समोर खुर्चीवर बसलेला, चहा अर्धा प्यायलेला. मामांनी काडी काढली, चावली, थुंकली. "नाय चालायचं. आत पानी गेलंय." गासडी बाहेरून सोन्यासारखी होती. मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. मामांनी कमरेचा लोखंडी आकडा काढून तार तोडली. आत हाताएवढा काळा, बुरशीचा गोळा निघाला. मालक चहा ठेवून उठला. तो गेल्यावर मी मामांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शेट, म्हस बोलत नाय. म्हणून मला बोलायला लागतं."

तोच मालक पुढच्या आठवड्यात परत आला आणि म्हणाला, ह्या म्हाताऱ्याने पास केलेलाच माल मला हवा. हे मी मामांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. पण मला वाईट वाटलं असतं.

त्यांची दुसरी सवय त्याहून भयंकर होती. कोणत्याही तबेल्यात गेले की म्हशीकडे बघण्याआधी तिच्या शेणाकडे बघायचे. वाकून, काठीने दाबून, कधी कधी बोटानेही. मग मालकाला सांगायचे, हिला कालपासून सरकी वाढवलीत ना, किंवा हिचं गवत एकदम बदललंत. मालक चाट पडायचा. मी तोंडाला रुमाल लावून लांब उभा. शेण हा माझ्या पोटापाण्याचा भाग असला तरी मला त्याची मनापासून किळस आहे, आणि ती मी लपवत नाही.

"म्हशीचं पोट लय भोळं असतं," मामा म्हणायचे. "नवीन गवत आलं की आमी जुन्यात मूठभर घालतो. पाच दिवसांनी दोन मुठी. पोटाला वळख पडली पायजे. एकदम घातलं की ती फुगली."

हे त्यांचं तत्त्वज्ञान मी शेकडो वेळा ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे कानावर पडलं होतं.

माझी मुलगी पोलीस भरतीच्या तयारीला लागली तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे पहाटे मैदानावर गेलात तर अर्धा तालुका धावताना दिसेल. तिचं धावणं चांगलं होतं, पण अंगात ताकद कमी पडते असं तिथल्या शिकवणाऱ्याने एकदा सहज म्हटलं. मी लगेच बाजारातल्या जिमवाल्याकडे गेलो. मापापेक्षा लहान शर्ट घालणारा, आरशात बघत बघत बोलणारा माणूस. त्याच्याकडे भिंतभर काळे डबे होते, प्रत्येकावर हत्तीएवढे दंड असलेल्या माणसाचं चित्र.

मी दुपारी बसलो तो दिवे लागले तेव्हा उठलो. तीन डब्यांच्या भावात पाच डबे, वर ढवळायची बाटली फुकट. जिमवाला शेवटी हात जोडून म्हणाला, "अंकल, तुम्ही मला विकून खाल." मी डबे स्कूटरला बांधून गावातून मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी आलो.

आता जे सांगणार आहे ते जेवताना वाचू नका.

दोन मोठे चमचे सकाळी, दोन संध्याकाळी, असं जिमवाल्याने सांगितलं होतं. पहिल्या दिवसापासून पोरीचं पोट ढोलासारखं फुगलं. आंबट ढेकर यायचे, त्यांना चॉकलेटचा वास. पोटात गुरगुर एवढी, की शेजारच्या खोलीतून ऐकू यायची. चौथ्या दिवसापासून तिला पळावं लागायला लागलं, मैदानावर नाही, घरातल्या घरात. मी पण घेत होतो. मला कोणी सांगितलं नव्हतं, पण फुकटातले दोन डबे डोळ्यासमोर होते. माझी गत तिच्याहून वाईट. बंद खोलीत मी बसलो की बायको उठून जायची. एकदा दारात उभी राहून म्हणाली, "तबेल्यांना गवत घालता घालता घराचाच तबेला केलात. निदान म्हशीला दूध तरी येतं."

मी जिमवाल्याकडे गेलो. तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "अंकल, सिस्टीम क्लीन होतेय. चार दिवस गॅस होणारच. डोस कमी नका करू, वाढवा."

आणि मी वाढवला. मला आजही ह्या गोष्टीची शिसारी येते. कळत नव्हतं असं नाही. पण जिंकलेला सौदा होता.

एक दिवस वखारीत हिशेब बघत बसलो असताना मला ढेकर आला. मामा दहा हातांवर गासडी तपासत होते. त्यांनी मान वर केली. नाक वर करून हवा हुंगली, जसं गवत हुंगायचे तसं. हळूहळू माझ्या खुर्चीपर्यंत आले.

"शेट, काय खाल्लंत?"

"प्रोटीन पावडर. दंड येतात त्याने."

"बघू."

वखारीतल्या कपाटात पाचही डबे होते; फोडलेला एक तेवढा मी रोज घरी ने-आण करायचो. मामांनी त्याचं झाकण काढलं. वरची पावडर बाजूला सारून हात आत घातला आणि मधली चिमूट काढली. हुंगली. जिभेवर ठेवली. माझ्या हमालांसमोर, वजनकाट्यावरच्या माणसासमोर, बाजूला थुंकले.

"नाय चालायचं."

"का नाही चालायचं?"

"तबेल्याच्या मागं पनीरवाला होता आमच्या. पनीर काढलं की उरतं ते पानी गटारात सोडायचा. उन्हात त्याला जो वास यायचा ना, त्यो ह्यो वास. वरनं चॉकलेट घातलंय फक्त." त्यांनी बोट धोतराला पुसलं. "ते पानी वाईट नसतं, शेट. पचलं त्याला पचलं. पन तुमी तर लहानपनापासनं दूध प्यालात की ओकता, तुमीच सांगितलंत. आन पोरीला बी तेच."

खरं होतं. माझी मुलगी लहानपणी दूध प्यायली की पोट धरून बसायची. आम्ही त्याला नखरा म्हणायचो आणि नाक दाबून पाजायचो. दुधाच्या धंद्यावर जगणाऱ्या माणसाच्या घरात दूध पचत नाही, हे मला कबूल करायचंच नव्हतं. त्यात जे पाणी मी स्वतः गटारातून वाहताना, माशा घोंघावताना पाहिलं होतं, तेच वाळवून, डब्यात भरून, वर दंडवाल्याचं चित्र लावून मला विकलं गेलं होतं. आणि मी गावातून लांबच्या रस्त्याने मिरवत आणलं होतं. माझा तिळपापड झाला. पण राग जिमवाल्यावर नाही निघाला.

"तुला गवत कळतं ना? मग गवत बघ," मी ओरडलो. "माणसाच्या खाण्यात नाक घालू नकोस."

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा तू म्हणालो. मामांनी डब्याचं झाकण नीट फिरवून बसवलं आणि गासडीकडे गेले.

त्यानंतरच्या रविवारी मैदानावर सरावाची चाचणी होती. मुलींना आठशे मीटर. मी कुंपणाला टेकून उभा होतो. माझी पोरगी पहिल्या फेरीला पुढे होती. दुसऱ्या फेरीला वळणावर तिचा वेग गेला, हात पोटावर आला, आणि ती बाजूच्या गवतात गुडघ्यांवर बसून ओकली. तपकिरी, फेसाळ. मी धावत गेलो. तो वास माझ्या नाकातून आजही गेलेला नाही.

ती तोंड पुसत म्हणाली, "पप्पा, मला नाय जमत हे. बंद करू या."

खरी भरती महिन्यावर आली होती. आणि मी, तिचा बाप, काय म्हणालो? म्हणालो, "चार डबे अजून फोडलेले पण नाहीत."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं तशी नजर मी फक्त फसवलेल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर पाहिली आहे.

दुसऱ्या दिवशी ती वखारीत आली आणि माझ्या टेबलावरून सरळ पुढे मामांकडे गेली.

"आजोबा, माझ्या पोटाचं काहीतरी सांगा."

मामांनी आकडा खाली ठेवला. सगळ्या हमालांसमोर, मोठ्या आवाजात विचारलं, "शी कशी हाय? पातळ? फेस हाय का? रंग कसा?"

मी खुर्चीतून उठलो. "मामा, ती मुलगी आहे, म्हैस नाही."

"म्हणून तर इचारतोय," मामा म्हणाले. "ही बोलते तरी."

पोरगी लाजली नाही. मामांच्या शेजारी गासडीवर बसून तिने सगळं सांगितलं. ती दोघं असल्या गोष्टी बोलत होती की मी शेवटी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. परत आलो तर मामा तिला सांगत होते, "आधी डाक्टरनीकडं जा. मंग मी सांगतो."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर बाईंनी तिला तपासलं आणि मला समोर बसवलं. "पावडर म्हणजे विष नाही. कितीतरी जणांना पचते. हिला दुधातली साखर पचत नाही, त्यात एकदम एवढ्या मापाने, वर त्या पावडरीतली गोडीची रसायनं. बंद करा. डाळी, कडधान्य, अंडी, सोसेल तसं हळूहळू वाढवा." आणि मग माझ्याकडे बघून, "तुम्ही कशाला घेत होतात?"

मामांनी तीन दिवस तिला नुसती भाताची पेज आणि मीठ सांगितलं. चौथ्या दिवशी गोणपाटाच्या पिशवीत पीठ घेऊन आले. मूग आणि नाचणी, दोन्हीला मोड आणलेले, सावलीत वाळवलेले, मंद आचेवर भाजून घरच्या जात्यावर दळलेले. त्यांची बायको जाऊन कित्येक वर्षं झाली होती. हे सगळं त्यांनी स्वतः केलं होतं.

"आज पेजेत एक चमचा. पाच दिवसांनी दोन. मैदान जवळ आलं म्हणून घाई नाय करायची, बाय. पोटाला वळख पडू दे."

"आजोबा, मी म्हैस नाही," ती हसत म्हणाली.

"म्हस ऐकते तरी," मामा म्हणाले.

पहिले पाच दिवस काही झालं नाही. म्हणजे काही झालं नाही हेच मोठं झालं. घरातला वास गेला. पोट बसलं. मग दोन चमचे, मग गूळ घालून वाटीभर, मग सकाळी धावून आल्यावर दोन उकडलेली अंडी. वीस दिवसांत ती दोन्ही फेऱ्या एका दमात मारायला लागली.

मी मामांना बाजूला घेतलं. "पिठाचे काय द्यायचे?"

मला वाटलं, आता तरी हा माणूस आकडा सांगेल.

"डबे किती उरलेत?" त्यांनी विचारलं.

"चार."

"ते कोनाला देऊ नका. मैदानावरच्या पोरांना तर नायच. एवढंच घेईन."

"दिला शब्द," मी म्हणालो आणि हात पुढे केला. मामांनी तो हातात धरला. तारांनी चिरलेली, खरबरीत बोटं. त्यांनी जरा जास्तच वेळ धरला. मला वाटलं, हा मला पारखतोय.

इथे मी थांबलो असतो तर ही गोष्ट गोड झाली असती.

पोरगी जोरात धावते म्हटल्यावर लोक विचारायला लागले, काय देता हिला? एक दिवस मुरबाडचा एक बाप वखारीत आला. त्याची मुलगीही भरतीला. त्याने कपाटातले डबे बघितले. "हेच देता काय?" मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. नुसता डब्याकडे बघत बसलो. सौदा कसा करायचा हे मला शिकवावं लागत नाही. तो चांगली घासाघीस करणारा निघाला, बऱ्याच दिवसांनी मला मजा आली. दोन डबे गेले. मामा त्या दिवशी माळावर माल बघायला गेले होते. मी मनाला सांगितलं, सगळ्यांची पोटं सारखी नसतात, डॉक्टर बाईच म्हणाल्या.

भरतीच्या दिवशी मी ठाण्याला गेलो नाही, माझ्याने बघवलं नसतं. दुपारी पोरगी परस्पर वखारीत आली, अंगावर तेच कपडे, छातीवर नंबर. मामांच्या पाया पडली.

"झालं, आजोबा. वेळेच्या बरंच आत."

मामांनी कानावरची काडी काढून तिच्या केसांत खोचली. त्यांना एवढं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मग ती खाली बसली आणि बुटाची नाडी सोडत म्हणाली, "एक मुरबाडची होती. माझ्याच गटात. माझ्या पुढे होती ती. दुसऱ्या फेरीला वळणावर पोट धरून बसली. ओकली. मी बाजूने गेले तर तोच वास, आजोबा. चॉकलेटचा." ती नाडीशी चाळा करत राहिली. "नंतर मी पाणी घेऊन गेले तिच्याकडे. विचारलं, डबा कुठनं घेतलास. म्हणाली, पप्पांनी शहापूरच्या गवतवाल्याकडनं आणला."

वखारीत यंत्र चालू होतं. कोणीतरी ते बंद केलं.

मामांनी शेजारच्या गासडीत हात घातला, काडी काढली आणि माझ्याजवळ आले. मोडली. नाकाशी धरली. माझ्या तोंडाकडे बघितलं. मी वाट बघत होतो. त्यांनी ते दोन शब्द उच्चारले असते तर मी ओरडलो असतो, मी ओरडायला तयार होतो. त्यांनी काडी न चावताच खाली टाकली, थुंकले पण नाहीत. कमरेचा आकडा काढून खिळ्याला अडकवला आणि रस्त्याने शेणव्याच्या बाजूला चालायला लागले. पोरगी त्यांच्या मागे काही अंतर गेली आणि परत आली. माझ्याशी ती पंधरा दिवस बोलली नाही.

उरलेले दोन डबे मी त्याच दिवशी वखारीमागच्या उकिरड्यात उलटे केले. आठवडाभर त्या खड्ड्याला आंबूस, गोडूस वास येत होता. कुत्री यायची, हुंगायची आणि परत जायची.

महिन्याभराने मी पाड्यावर गेलो. मामा अंगणात फडकं पसरून त्यावर मूग वाळत घालत बसले होते. मला बघून उठले, कोरा चहा केला, दुधाशिवाय, माझ्या पोटाची आठवण ठेवून. मी पेढे नेले होते. तेही हुंगून त्यांनी शेजारच्या मुलांना वाटले.

"मामा, परत या. जे म्हणाल ते."

"ती पोर बरी झाली का?"

"कोण?" मी म्हणालो. मला माहीत होतं कोण.

"मुरबाडची."

"विचारलं नाही."

"मंग इचारून या," मामा म्हणाले आणि परत मुगाकडे वळले.

मला संताप आला. मी एवढा मोठा माणूस, त्यांच्या अंगणात हात जोडून आलो, आणि हा मला निरोप्या करून पाठवतो. आठ दिवस मी जळत राहिलो. नवव्या दिवशी मुरबाडला गेलो. त्या बापाने मला दारातच उभं केलं आणि जे बोलायचं ते बोलला. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा कोणाचं पूर्ण ऐकून घेतलं आणि घासाघीस न करता त्याने सांगितले तेवढे पैसे दिले. त्याची मुलगी आतून आली. बारीक झाली होती. माझ्या पोरीने बरोबर पीठ दिलं होतं, मामांच्या पद्धतीचं, ते मी तिच्या हातात दिलं. "आधी एक चमचा," मी म्हणालो. "पाच दिवसांनी दोन." पुढच्या भरतीला ती परत उतरणार आहे. आता दर रविवारी ह्या दोघी फोनवर काय खाल्लं, पोट कसं आहे, असलं काहीतरी बोलत असतात. मी खोलीबाहेर जातो.

हे सगळं सांगायला मी परत पाड्यावर गेलो तेव्हा दाराला कडी होती. शेजारणीने सांगितलं, मामांना दम लागायला लागला म्हणून लेक कसाऱ्याला घेऊन गेली. बरे झाले की येतील. मी म्हटलं, येतील तेव्हा सांगू. कसारा काय लांब नाही, पण निरोप घेऊन त्यांच्या मागे धावायचं म्हणजे आपण फारच खाली आलो, असं मला वाटलं. पावसाळ्यात निरोप उलटाच आला. तिकडेच गेले.

माझी तक्रार आहे ती ही. त्यांनी मला एक प्रश्न विचारून पाठवलं. मी उत्तर आणलं. आणि ऐकायला थांबले नाहीत. अकरा वर्षांत माझ्याकडून त्यांनी एवढी एकच गोष्ट मागितली असेल, आणि ती न घेताच गेले. माझ्याशी असं कोणी वागलेलं नाही.

परवा ट्रक लागला होता. तबेल्याचा तोच जुना मालक खुर्चीवर, चहा अर्धा. मी उठलो, गासडीत कोपरापर्यंत हात घातला, पोटातली काडी काढली, मोडली, हुंगली, दाढेखाली धरली. जिभेला काहीतरी आंबूस लागलं.

"नाय चालायचं," मी म्हणालो.

मालक उठून उभा राहिला. हमाल माझ्याकडे बघायला लागले. मी खिळ्यावरचा मामांचा आकडा काढला आणि तार तोडली. गासडी फुटून पसरली. मी दोन्ही हातांनी गवत उपसत तळापर्यंत गेलो.

आत सगळं स्वच्छ होतं. कोरडं, पिवळंधमक, माळावरून आत्ता आणल्यासारखं. एवढं चांगलं गवत ह्या मोसमात माझ्या वखारीत आलंच नव्हतं, आणि मला ते कळलं नव्हतं.